नववी खुंटी

मी थापाड्या आहे, हे आशागडपासून अच्छाडच्या चेकनाक्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलेला अजगर घरी पोचेपर्यंत गांडूळ होतो, असं आमच्या बायकोचं म्हणणं. ऐकणाऱ्यानं माझ्या प्रत्येक गोष्टीला चारानं भागून घ्यायचं, अशी पद्धतच पडलीय इकडे. त्यामुळे गोविंद धोडीनं फळीवर सोळा खुंट्या ठोकून आमच्या शेठला प्रोसेसर शिकवला, असं मी म्हटलं की लोक एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडे. ती फळी अजून आहे. तलासरीच्या आमच्या शेडमध्ये, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला. हल्ली तिच्यावर हेल्मेटं टांगतात.

शेड म्हणजे मूळचा फुग्यांचा कारखाना. उन्हं तापली की अजूनही भिंतींतून रबराचा वास येतो, आणि वैशाखात दुपारी दोन वाजता अख्खं छप्पर वीतभर वर उचललं जातं, हे मी शपथेवर सांगतो. तिथे आम्ही वजनकाट्याच्या पेट्या बनवतो. हायवेवर ट्रक लोखंडी फलाटावर चढवतात आणि बाजूच्या खोलीत लाल आकडे उमटतात ना, त्या आकड्यांची पेटी. माझं काम टेस्टिंगचं. पेटी चालू करायची, बंद करायची, परत चालू करायची आणि वहीत ‘ठीक’ लिहायचं. इतकी वर्षं मी ‘ठीक’ लिहितोय की आता मला भाजीची यादी करायला बसवलं तरी वांग्यांपुढे हात आपोआप ‘ठीक’ लिहितो.

धोडी आला तो पेट्यांच्या नव्या मॉडेलसाठी. राहणारा झरीचा, आश्रमशाळेत शिकलेला, मग डिप्लोमा, मग दहा वर्षं पुण्याच्या एका कंपनीत. अंगानं इतका सडपातळ की शेडच्या दोन पत्र्यांमधल्या फटीतून आत येऊ शकला असता. बहुतेक येतही असावा, कारण गेटवर तो मला कधी दिसला नाही, पण मी पोचायच्या आत त्याच्या टेबलावरचा चहा निवलेला असायचा. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. कानावर लाल पेन्सिल. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. तो डबा उघडला की वातानुकूलित केबिनमध्ये बसलेल्या शेठला शिंक यायची, आणि दर वेळी धोडी इकडून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, “जेवा, शेठ.”

त्याची एक खोड होती. नवीन काही शेडमध्ये आलं, मग तो स्क्रूचा डबा असो की नवा माणूस असो, धोडी पहिल्यांदा विचारायचा, “याची जागा कुठली?” जागा ठरल्याशिवाय तो डबा उघडू द्यायचा नाही. एकदा ठरली की मग ती हलवायची नाही. माझी चहाची कपबशी त्यानं टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं गोल काढून कायमची बसवून दिली होती. मी चिडून म्हणालो, “धोडीभाय, माझी पण जागा आखा आता.” त्यानं खरंच खुर्चीभोवती खडू फिरवला.

पुण्याहून तो परत का आला, हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्याची आई आंधळी. आयस म्हणायचा तो तिला. नवरा नाही, दुसरं मूल नाही. झरीच्या घरात ती एकटी रांधायची, पाणी भरायची, कोंबड्या कोंडायची, कारण त्या घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे तिच्या हाताला माहीत होतं. धोडीनं तिला एकदा पुण्याला नेलं होतं. “चार दिवसांत तिचे गुडघे निळे पडले, चुरीभाय,” तो मला म्हणाला होता. “पाचव्या दिवशी ती उठेचना. बसूनच राहिली खाटेवर. हात मांडीवर ठेवून.” तेव्हा त्यानं तिला घरी आणलं आणि स्वतःही आला. आता बूटलोडर नावाचा पेटी जागी करणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला तलासरीत काम मिळणं म्हणजे समुद्रात चिकू पिकवण्यासारखं. या आख्ख्या पट्ट्यात तसं काम करणारी एकच शेड होती, आमची. इथली खुर्ची गेली की आयसला घेऊन पुन्हा पुणं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, शेठलाही माहीत होतं.

आता खुंट्यांचं.

तीन महिने झाले तरी नव्या पेटीत लाल आकडा पेटला नव्हता. आमचे मालक नवीनशेठ एका सकाळी टेबलाशी येऊन उभे राहिले. “धोडीभाई, आ बूटलोडर शुं छे? तीन महिने बूट-बूट ऐकतो. पायात घालायचा असता तर आत्तापर्यंत झिजला असता.”

दुसऱ्या दिवशी धोडी सागाची फळी खांद्यावर घेऊन आला. दोन ओळी, खाली आठ खुंट्या, वर आठ. शून्यापासून पंधरापर्यंत आकडे घातलेले. भिंतीवर ठोकली आणि शेठना समोर उभं केलं.

“शेठ, पेटीत वीज आली. प्रोसेसर जागा झाला. आता त्याच्याकडे काय हाय?”

“काय हाय?”

“काय नाय. मोठी मेमरी अजून झोपलेली, तिला आपणच उठवायची. कपाट नाय, टेबल नाय, दिवा नाय. आंधळा उठतो तो. हाताला लागतात त्या फक्त ह्या सोळा खुंट्या. याला रजिस्टर म्हणतात. बूटलोडर म्हणजे त्याचा हात धरून घर लावून देणारा प्रोग्रॅम.”

“बराबर.”

“आता काही गोष्टी सगळ्यांनाच लागतात. काटा किती टनाचा, फलाटाखाली वजन जोखणारे सेल किती, शून्य कुठे धरलाय. एवढं एका खुंटीवर मावत नाय. ते ठेवायचं कोपऱ्यातल्या बारक्या डब्यात, आणि डबा कुठे हाय त्याची चिठ्ठी लावायची एका खुंटीला. ज्याला लागेल तो येईल, चिठ्ठी वाचेल, जाईल. काढणार कोणी नाय. मोठी मेमरी उठली की डबा तिकडे हलवू, चिठ्ठीवरचा पत्ता बदलू. खुंटी बदलायची नाय.”

शेठनी फळीवरचे आकडे बोटानं मोजले. मग म्हणाले, “अने खुंटी कुठली?”

“त्यालाच तीन महिने लागले,” धोडी म्हणाला.

शेठ गेल्यावर मी म्हणालो, सोळातली एक निवडायला तीन महिने? आमच्याकडे एवढ्या वेळात दोन लग्नं ठरून पार पडतात. तेव्हा त्यानं मला नीट समजावलं. खालची ओळ हाताशी आहे, रोजच्या उठाठेवीला तीच लागते, ती अडवली तर काम रखडतं. वरच्या ओळीतल्या शेवटच्या तीन प्रोसेसरच्या स्वतःच्या. बारावी येणाऱ्या-जाणाऱ्याची. उरल्या चार, आठवी ते अकरावी. खरी अडचण होती वजनाच्या लायब्ररीची. फलाटाखालचे सेल वाचणारा तो प्रोग्रॅम बाहेरून आलेला, झाकण बंद केलेल्या डब्यासारखा. आत काय लिहिलंय ते देणारा देत नव्हता, आणि आपल्या सोयीनं बदलून तर मुळीच देत नव्हता. तो कुठल्या खुंट्यांना हात लावतो हे कळायला एकच वाट होती. त्याच्या यंत्रभाषेतल्या ओळी कागदावर छापायच्या आणि एकेक वाचायची.

धोडीनं ते केलं. शेडमागच्या चिकूखाली बसून, मांडीवर कागद घेऊन. ती कागदाची भेंडोळी सरळ उलगडली असती तर एक टोक झरीला आणि दुसरं अच्छाडच्या नाक्यावर पडलं असतं. माणूस इतका न हलता बसला होता की एक बुलबुल त्याच्या कानावरच्या पेन्सिलीवर बसून गेली. चारानं भागा हवं तर. शेवटी उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, “आठवी, दहावी, अकरावीवरचं तो काढतो आणि जाताना परत ठेवतो. नववीला हातच नाय लावत. एकदाही नाय.”

“परत ठेवतो ना?” मी म्हणालो. “मग आठवी काय वाईट?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “रविवारी घरी या जेवायला,” म्हणाला.

रविवारी गेलो. कुडाचं घर, शेणानं सारवलेलं, दाराला दोन उंच पायऱ्या. दाराच्या डाव्या बाजूला मेढीला एक खुंटी, खुंटीवर आयसची काठी. म्हातारी माझ्या आवाजाकडे तोंड करून हसली, “कोन हाय? गोविंदाचा चुरी का? बस, बस.” मी बसलो आणि बघतो तर अंगणात एक बकरी माझ्या हेल्मेटचा पट्टा चघळतेय. मी तडक खुंटीवरची काठी उचलली आणि त्या बकरीला पिटाळत पार गुजरातच्या हद्दीत सोडून आलो. म्हणजे बांधापर्यंत. वळून बघतो तो आयस दारात. तिचा डावा हात सवयीनं खुंटीकडे गेला, रिकाम्या खुंटीवर पडला, आणि काठी हातात आलीच आहे अशा भरवशानं तिनं पाऊल पायरीखाली टाकलेलं होतं.

पडली. मनगट लगेच सुजलं. धोडीनं तिला उचलून बसवलं, हळद लावली. ती त्याला सांगत होती, “माझाच हात चुकला रं. माझाच हात चुकला.”

मी काठी घेऊन उभा. “परत ठेवणारच होतो,” मी म्हणालो.

“हो,” धोडी म्हणाला. “मधल्या वेळात आयस आली.”

त्यानंतर मी नववीबद्दल त्याला कधी काही विचारलं नाही. शेडमधल्या फळीवर त्यानं नवव्या खुंटीला वीजपुरवठ्याच्या कपाटाची किल्ली लावली आणि फर्मान काढलं की या किल्लीला सोडून तिथं दुसरं काही लागणार नाही. पावसाळ्यात एकदा शेठनी येता येता त्याच खुंटीवर आपली ओली छत्री अडकवली. धोडीनं ती उचलून बाहेर गेटवर नेऊन लावली. भर पावसात, शेठ अजून आत चालत होते तोवर. “आ शुं, धोडीभाई! छत्रीच तर आहे!” शेठ ओरडले. “मालक मी आहे ना या भिंतीचा?” धोडी म्हणाला, “भिंत तुमची, शेठ. खुंटी सगळ्यांची.” त्या दिवशी शेठ हसले होते. हे मला आठवतंय, कारण पुढे असं हसायची वेळ आली नाही.

पेटी पेटली, आकडा लाल झाला. आणि नेमकं त्याच सुमारास शेठना कुणीतरी सांगितलं की सरकारी शिक्क्याला मॉडेल पाठवायच्या आधी बाहेरच्या जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. म्हणून बेंगळुरूहून सल्लागार आले. त्यांच्या नावापेक्षा त्यांचे पांढरे बूट आम्हाला जास्त लक्षात राहिले. तलासरीच्या तांबड्या चिखलातून ते आले आणि बुटांवर एक ठिपका नाही. मला वाटतं ते जमिनीपासून बोटभर वरून चालत असावेत. शेडमध्ये त्यांचं नाव लॅपटॉपसाहेब पडलं.

साहेबांनी पहिल्याच तासात धोडीला विचारलं, “तुमचं शिक्षण?”

“डिप्लोमा.”

“अच्छा.”

या एका ‘अच्छा’मध्ये झरी आलं, आश्रमशाळा आली, सुकटही आली. मग साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “हे नऊ का? आम्ही वर्षानुवर्षं आठ वापरतो. जुनं कोड सगळं आठवर आहे. तुम्ही वेगळं केलंत की बाहेरून घेतलेला प्रत्येक भाग हातानं बदलत बसावं लागेल.”

“लायब्ररी आठवी वापरते, साहेब.”

“आणि परत ठेवते. नियमच आहे तसा.”

“मधल्या वेळात वीज गेली तर? आपल्या पेटीत वीज जायच्या आधी एक इशारा येतो. इशारा आला की हातातलं काम सोडून प्रोसेसर धावतो, चिठ्ठी बघतो आणि काट्याचा शून्य कायमच्या मेमरीत लिहून ठेवतो. पेटी उठताना लायब्ररी चालू असेल आणि तेव्हाच इशारा आला तर आठवीवर चिठ्ठी नाय, लायब्ररीचं सामान हाय. तो त्यालाच पत्ता समजेल.”

“पेटी सुरू होतानाच्या त्या अर्ध्या सेकंदात?” साहेब हसले. “वीज अशी किती वेळा जाते हो तुमच्याकडे?”

शेडमध्ये होते तेवढे सगळे एकदम हसले. सोल्डरचे टाके मारणाऱ्या बायकासुद्धा. साहेबांना वाटलं, त्यांच्या विनोदाला हसतायत.

कारण आमच्याकडे वीज जात नाही. ती जाते, येते, पुन्हा जाते, एकदा डोकावते आणि मगच काय ते ठरवते. पेटी जागी होतेय तोवर पुन्हा डोळे मिटायची पाळी, हे झरीत दिवसातून चार वेळा. पण शेडला मोठा इन्व्हर्टर. बेंगळुरूचं तर विचारूच नका. तिथे आणि इथे दोन्हीकडे आठवी सुतासारखी सरळ चालली. मी दोनशे वेळा पेटी चालू-बंद केली आणि दोनशे वेळा ‘ठीक’ लिहिलं.

“असं नाय, चुरीभाय,” धोडी म्हणाला. “जाते तशी घालवा.”

त्यानं घरून एक ढिला होल्डर आणला, इन्व्हर्टर सोडून पेटी त्यावर लावली आणि स्वतः बटणाशी बसला. झरीची वीज त्याच्या बोटांत होती. टक, टकटक, थांबून एक टक. ढोलकीवाला बसल्यासारखा. तासभर काही नाही. मग एकदा पेटी सुरू झाली आणि रिकाम्या फलाटावर, जिथे शून्य हवा, तिथे भलताच आकडा दिसला. बंद करून चालू केली तरी तोच. शून्य पुसला गेला होता, कायमचा. दुपारपर्यंत हे आणखी एकदा झालं. मग त्यानं चिठ्ठी नवव्या खुंटीला लावली, तसाच वाजवत संध्याकाळपर्यंत बसला. शून्य हलला नाही.

हे मी बघितलं. माझ्या दोन डोळ्यांनी, चष्मा लावून, दोन हातांच्या अंतरावरून. यात भागाकार करू नका.

मी वही उघडली तेव्हा शेठ मागे उभे होते. “चुरीभाय, ते झरीचं नाटक ऑफिशियल नाय हां. परवा वजनमापेवाले साहेब येतात शिक्क्याला. वहीत दोनशे ठीक आहेत, ते पुष्कळ झाले.” आणि माझ्या पाठीवर थोपटलं. शेठनी पाठीवर थोपटलं की मला बरं वाटतं, हा माझा जुना रोग. वही मिटली.

धोडी केबिनमध्ये गेला, बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा शर्टाचं वरचं बटण निघालेलं होतं. साहेबांनी त्याच दिवशी चिठ्ठी आठवीवर हलवली. काम झाल्यावर गंमत म्हणून फळीवरची किल्लीही नववीवरून काढून आठवीवर लावली आणि हात झटकले. प्रोग्रॅमच्या फाइलच्या माथ्यावर मात्र ‘लेखन : गोविंद धोडी’ तसंच राहू दिलं.

नवी पेटी पहिल्यांदा लागली अच्छाडला, हायवेवरच्या एका खासगी काट्यावर. उन्हाळ्याचे दिवस, वाऱ्यानं तारा एकमेकींना घासायच्या. महिनाही झाला नाही. एक ट्रक राजस्थानातून तुपाचे डबे घेऊन आला. भरताना झालेलं वजन आणि आमच्या पेटीनं दाखवलेलं वजन यांत इतका फरक की निम्मा माल वाटेत गेला असं कोणीही म्हणेल. मालवाल्यानं फोनवर ड्रायव्हरला चोर ठरवलं. ढाब्यावरच्या खाटेवर दोन दिवस त्याला बसवून ठेवलं, किल्ली काढून, मोबाइल काढून. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या मिशांचा. येणारा-जाणारा ट्रकवाला थांबून त्याच्याकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी डबे उतरवून मोजले, सगळे भरले. मग काट्यावर संशय आला आणि आम्हाला बोलावणं.

धोडी आणि मी गेलो. त्यानं पेटी उघडायच्या आधीच सांगितलं, “शून्य पुसलाय.” तसंच होतं. दुरुस्त केली, आठवीवरची चिठ्ठी नववीवर नेली, सगळं तिथंच, ऊन डोक्यावर घेऊन. मग ड्रायव्हरपाशी जाऊन उभा राहिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “गलती हमारी थी. आपकी नहीं.” तो माणूस खाटेवरून उठला नाही. म्हणाला, “सबके सामने चोर बोला. अब तुम अकेले में बोल रहे हो.”

परतताना धोडी मोटारसायकलवर मागे बसला होता. तलासरी आली तसा शेडच्या दाराशी उतरून आत गेला.

काट्याचा मालक खवळलेला, त्याला कोणाचं तरी नाव हवं होतं. शेठनी केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. साहेब लॅपटॉपच्या पडद्यावर होते. शेठनी फाइलचा माथा वाचून दाखवला. “लेखन, गोविंद धोडी. आता बोला.”

धोडी म्हणाला, “शेठ, आठवी मी लावलेली नाय. मी नको म्हणून सांगितलं होतं. टेस्टमध्ये आकडा दोनदा बिघडून दाखवला. चुरीभाय समोर होते. आणखी पेट्या गेल्या असतील तर त्या आधी परत मागवा. त्या ड्रायव्हरला लिहून द्या. मग माझं काय ते करा.”

पडद्यावरचे साहेब म्हणाले, “अशी कुठली टेस्ट माझ्याकडे नोंदलेली नाही.”

शेठ माझ्याकडे वळले. आवाज गोड. “चुरीभाय, तमे बोलो. बिघडला होता आकडा? वहीत तर सगळं ठीक आहे.”

आता बघा. आयुष्यभर मी बोटाएवढ्या गोष्टीची ताडाएवढी करत आलो. बिबट्या एक दिसला तर चार सांगितले. त्या दिवशी मला काहीही वाढवायचं नव्हतं. दोन हातांवरून जे बघितलं तेवढंच बोलायचं होतं. शेठ मला काढणार होते असंही नाही. मी बोललो असतो तर दोन दिवस तोंड फिरवून बसले असते, बस. तेवढंही मला नको होतं.

“टेस्ट काहीतरी केली होती,” मी म्हणालो. “आकड्याचं नीट आठवत नाही, शेठ.”

धोडीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावेल. रागावला असता तर मी ती गोष्ट आज हसत सांगितली असती, थोडी वाढवून. तो हळूच म्हणाला, “नाय आठवत?” जसं एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं. मग त्यानं वरचं बटण लावलं आणि उठला.

त्याची खुर्ची त्याच दिवशी गेली. जाताना त्यानं टेबलावरचं काही घेतलं नाही. डबा तेवढा घेतला. फळीपाशी थांबला, आठवीवरची किल्ली काढली, नववीवर लावली आणि गेला.

पुढचं तुम्हाला वाटतंय तसंच. पंधरा दिवसांत साहेबांचा अहवाल आला, वीस पानी, रंगीत. सखोल अभ्यासाअंती असं आढळलं की ग्लोबल डेटासाठी नवव्या रजिस्टरची निवड अधिक सुरक्षित आहे. शेठनी तो अहवाल चौकटीत घालून केबिनमध्ये लावला. फाइलच्या माथ्यावरचं नाव बदललं. ज्या पेट्या गेल्या होत्या त्या सर्व्हिसिंगच्या नावाखाली गुपचूप आणून दुरुस्त केल्या, आणि त्यांची टेस्ट कोणी केली? मीच. ढिल्या होल्डरवर, टक, टकटक, थांबून एक टक. वहीत ‘ठीक’ लिहिलं, आणि या खेपेला ते खरंच ठीक होतं. ड्रायव्हरला कोणी काही लिहून दिलं नाही.

धोडी मला शेवटचा दिसला डहाणूच्या एसटी स्टँडवर. सकाळी नऊचा सुमार. मी मुलीला कॉलेजच्या गाडीत बसवून उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होतो. पुण्याची गाडी लागली होती. गाडीजवळ दोन पिशव्या, दोरीनं बांधलेली गोधडी, आणि आयस.

तिला कोणीतरी नवं लुगडं नेसवलं होतं. काठी हातात होती, पण तिला ती काठी चालायला नको होती, ठेवायला जागा हवी होती. गाडीच्या दाराशी आल्यावर तिनं सवयीनं डावा हात वर केला. खुंटीच्या उंचीवर. झरीच्या मेढीवर जिथे ती असते बरोबर तिथे. हात हवेत फिरला, थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. मागच्या माणसानं “चला ना आजी” म्हटलं. तिचा हात थांबेना. ती काहीतरी पुटपुटत होती, आणि एवढ्या लांबून, स्टँडच्या त्या गलक्यात, मला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण काय पुटपुटत होती ते मला माहीत होतं.

धोडीनं दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. आपलं एक बोट वाकवलं आणि तिच्या हाताच्या वाटेत, त्या उंचीवर, नीट धरलं. तिचा हात त्यावर पडला. तिनं चाचपून बघितलं, आणि काठीची मूठ त्या बोटाला अडकवली.

मी हातातला रसाचा ग्लास गाड्यावर ठेवला. मी त्याला हाक मारणारच होतो. मधल्या वेळात गाडी सुटली.